मक्याचे पीक आणि गंधकाचे खत

गंधकाची आणि आपली ओळख बहुधा नाकाच्या द्वारे होते. आगपेटीची काडी ओढताच येणारा झणझणीत वास, दिवाळीतील फटाक्यांचा धूर, नासलेल्या अंड्याची दुर्गंधी, लसणाचा उग्रपणा, कांदा चिरताना डोळ्यांस येणारे पाणी, या सर्वांच्या मुळाशी गंधक अथवा त्याची संयुगे असतात. नाशिककडील द्राक्षबागाइतदार भुरी रोगाच्या निवारणार्थ वेलींवर गंधक मारतात, आणि खरजेच्या मलमातही तो असतो, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु हा पिवळा, उग्र पदार्थ वनस्पतींचे अन्न आहे, आणि तो न मिळाल्यास मक्यासारखे जोमदार पीकही खुरटते, असे कोणी म्हटले तर कित्येकांस नवल वाटेल. ते खरे आहे, आणि का खरे आहे, हे या लेखात थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

या विषयाचे महत्त्व केवळ पुस्तकी नाही. नाशिक, जळगाव, धुळे, जालना इत्यादी जिल्ह्यांत मका हे आता पुष्कळ घरांचे पैशाचे पीक झाले आहे. मक्याची पाने पिवळी पडू लागली की शेतकऱ्याचा हात सहजच युरियाच्या गोणीकडे जातो. बहुतेक वेळा हे औषध लागू पडते. कधीकधी मात्र युरियाची दुसरी गोणी घालूनही पाने पिवळीच राहतात. पैसा जातो, हंगाम निघून जातो, आणि दोष बियाण्यावर किंवा दुकानदारावर ठेविला जातो. अशा वेळी खरा दोष पुष्कळदा गंधकाच्या उणिवेचा असतो. सबब पिवळेपणाचे दोन प्रकार ओळखता येणे, ही ज्या घरात मका पिकतो त्या घराच्या हिताची गोष्ट होय.

प्रथम वनस्पतींच्या आहाराचा विचार करू. झाडाच्या शरीराचा फार मोठा भाग हवेतील कर्बवायू व पाणी यांपासून बनतो. उरलेली द्रव्ये मुळांच्या वाटे जमिनीतून येतात. त्यांपैकी नत्र, स्फुरद आणि पालाश या तिघांची नावे सर्वांच्या तोंडी आहेत. त्यांच्या खालोखाल चुना म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक यांची पंगत बसते. या दुसऱ्या पंगतीस दुय्यम अन्नद्रव्ये म्हणतात. पण दुय्यम या शब्दाने फसू नये. ती थोडी लागतात एवढाच त्याचा अर्थ. ती नसली तरी चालेल असा नव्हे. भाजीत मीठ थोडे लागते, म्हणून अळणी भाजी कोणी आवडीने खात नाही.

थोडे म्हणजे किती, याचा हिशेब अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. एकरी सुमारे ५८ क्विंटल दाणा देणाऱ्या मक्याने एका एकरातून सुमारे ११६ किलो नत्र आणि १० ते ११ किलो गंधक उचलल्याचे त्यांस आढळले. म्हणजे दर अकरा भाग नत्रामागे एक भाग गंधक. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. मका आपला निम्म्याहून अधिक गंधक तुरा बाहेर पडल्यानंतर, दाणे भरण्याच्या काळात घेतो, आणि एकूण गंधकाचा निम्म्याहून अधिक भाग दाण्यात जाऊन बसतो. दाणा बाजारात गेला की तेवढा गंधक शेतातून कायमचा गेला. ताटे व पाने वैरण किंवा मुरघास म्हणून कापून नेली, तर उरलेलाही त्याच्या मागोमाग जातो.

आता हा गंधक झाडाच्या पोटात जाऊन करतो तरी काय? याचे उत्तर समजण्यास एक दृष्टांत घेऊ. प्राण्यांचे मांस असो की वनस्पतींचे पान, त्यांतील जीवनाचे मुख्य द्रव्य म्हणजे प्रथिने. प्रत्येक प्रथिन ही जणू मण्यांची एक लांब माळ आहे. हे मणी सुमारे वीस जातींचे असून त्यांस अमिनो आम्ले म्हणतात. वीसही जातींच्या मण्यांस नत्र लागतो; परंतु त्यांतील दोन जाती, सिस्टीन आणि मेथिओनीन, यांस नत्राबरोबर गंधकही लागतो. माळ ओवणाराजवळ इतर मण्यांची रास पडलेली आहे, पण ठरल्या जागी ओवावयाचा मणीच नाही, अशी स्थिती झाली तर काय होईल? माळ तेथेच थांबेल आणि बाकीचे मणी विनाकारण पडून राहतील. गंधकाची उणीव असलेल्या मक्यात नेमके हेच घडते. मुळांनी शोषलेला नत्र प्रथिनांत रूपांतर न पावता पानांत तसाच साठून राहतो. अशा पिकास आणखी युरिया घालणे म्हणजे ओवणाराच्या पुढ्यात नको असलेल्या मण्यांची दुसरी रास ओतणे होय.

पाने हिरवी दिसतात ती हरितद्रव्यामुळे. हरितद्रव्याच्या घटनेत स्वतः गंधक नसतो; पण ज्या प्रथिनांच्या आधारे ते पानात नांदते, आणि ज्यांच्या साहाय्याने सूर्यप्रकाशाचे अन्नात रूपांतर होते, त्या यंत्रणेत गंधक व लोह यांच्या संयोगाने बनलेले महत्त्वाचे भाग असतात. गंधक कमी पडला की ही यंत्रणा अपुरी राहते, हरितद्रव्य घटते व पान फिकट पडते. पान फिकट पडले म्हणजे झाडाची चूलच मंदावली. मग ताटे बारीक राहतात, वाढ मागे पडते, तुरा व कणीस उशिरा येते, आणि दाणे नीट न भरल्यामुळे वजन घटते.

नत्र कमी पडल्यावरही पान पिवळेच पडते, मग दोहोंत भेद कसा करावा, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. त्याचे उत्तर पानाच्या रंगात नसून पानाच्या जागेत आहे. घरात धान्य अपुरे पडले की वडीलधारी माणसे आपल्या ताटातील घास मुलांच्या ताटात वाढतात. नत्राच्या बाबतीत झाडही असेच वागते. नत्र अपुरा पडला की झाड तो जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांस देते. त्यामुळे खालची पाने आधी पिवळी पडतात, आणि त्यांचा पिवळेपणा शेंड्यापासून मधल्या शिरेच्या कडेने आत सरकत जातो. गंधकाचे तसे नाही. तो एकदा जुन्या पानाच्या प्रथिनांत गुंतला की तेथून सहज निघत नाही. म्हणून त्याची उणीव पोंग्यातील कोवळ्या पानांवर आधी दिसते. वरची पाने फिकट, खालची तुलनेने हिरवी, आणि पुष्कळदा शिरांच्या दरम्यान फिकट पिवळे पट्टे, ही गंधकाच्या उणिवेची खूण समजावी.

तथापि नुसत्या खुणेवर सर्वस्वी विसंबून राहू नये. जस्ताच्या उणिवेतही कोवळ्या पानांवर पांढुरके पट्टे उमटतात. ते बहुधा पानाच्या बुडाकडील अर्ध्या भागात अधिक रुंद असतात. मॅग्नेशियमच्या उणिवेतही पट्टे पडतात, पण ते खालच्या पानांवर. उणीव फार तीव्र झाली की सगळेच झाड पिवळे पडते आणि हा भेद पुसट होतो. शिवाय थंड, ओलसर हवेत लहान रोपे काही दिवस फिकट दिसतात, व जमीन तापल्यावर आपोआप हिरवी होतात. यास्तव पाने पाहून शंका घ्यावी, आणि निर्णय माती व पाने यांच्या परीक्षणावर सोपवावा.

रोपे आपोआप हिरवी कशी होतात, हे समजण्यास जमिनीतील गंधकाचा संसार पाहिला पाहिजे. मातीत असलेल्या गंधकाचा फार मोठा भाग कुजलेला पालापाचोळा, शेणखत, जुनी मुळे अशा सेंद्रिय पदार्थांत अडकलेला असतो. मुळांस तो त्या रूपात घेता येत नाही. मातीतील सूक्ष्मजंतू तो पदार्थ हळूहळू कुजवितात, आणि त्यातून सल्फेट नावाचे विद्राव्य रूप बाहेर पडते. तेच मुळे शोषून घेतात. सूक्ष्मजंतूंस ऊब व ओल लागते. जमीन थंड असेल तर त्यांचे काम मंदावते. उलटपक्षी सल्फेट पाण्यात विरघळत असल्यामुळे मुसळधार पावसात ते मुळांच्या खाली वाहून जाते. म्हणून रेताड, हलक्या व सेंद्रिय पदार्थ कमी असलेल्या जमिनीत गंधकाची उणीव लवकर जाणवते. ज्या शेतात शेणखत नेमाने पडते तेथे ती क्वचित आढळते.

येथे कोणी म्हणेल, आमचे वाडवडील गंधकाचे नावही न घेता मका पिकवीत होते, मग ही उणीव आताच कोठून आली? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. पूर्वी गंधक शेतात न मागता येत असे.

तो येण्याची एक वाट खतांची होती. १८४२ साली जॉन बेनेट लॉझ या इंग्रज गृहस्थाने सुपर फॉस्फेट तयार करण्याचे पेटंट घेतले. हाडे किंवा स्फुरदयुक्त खडक यांवर गंधकाम्लाची क्रिया करून ते बनवितात, आणि त्या क्रियेत जिप्समही तयार होऊन खतातच राहते. शेतकरी विकत घेई स्फुरद. गंधक त्याच्या सोबत फुकट येई. नत्राच्या खताचीही तीच कथा. १९५१ साली तेव्हाच्या बिहारातील व आताच्या झारखंडातील सिंद्री येथे जो मोठा खत-कारखाना सुरू झाला, त्याचे खत अमोनियम सल्फेट हे होते. त्यात शेकडा सुमारे २१ भाग नत्र, तर सुमारे २३ भाग गंधक असतो. पुढे यांची जागा पुष्कळ अंशी युरिया आणि डी. ए. पी. यांनी घेतली. युरियात शेकडा ४६ भाग नत्र आहे, डी. ए. पी. मध्ये शेकडा १८ भाग नत्र व ४६ भाग स्फुरद आहे. गोणी तेवढीच, पण सत्त्व अधिक; म्हणून वाहतुकीस स्वस्त व वापरण्यास सोयीची. मात्र गंधक दोहोंतही जवळजवळ नाही. खते अधिक शुद्ध झाली, आणि त्या शुद्धतेतच गंधक गळून पडला.

दुसरी वाट आकाशाची होती. दगडी कोळशात गंधक असतो. कोळसा जळाला की त्याचा सल्फर डायऑक्साइड वायू होऊन तो हवेत मिसळतो व पावसाबरोबर खाली येतो. हा वायू फुप्फुसांस घातक असतो; त्यापासून होणारा आम्लयुक्त पाऊस तळी व अरण्ये यांचा नाश करतो. म्हणून अमेरिकेने १९७० साली हवेच्या शुद्धीचा कायदा केला व १९९० साली तो अधिक कडक केला. परिणामी २०२० पर्यंत त्या देशातील या वायूचे प्रमाण १९८० च्या मानाने दहाव्या हिश्शाहूनही कमी झाले. माणसांस व झाडांस हा मोठा लाभच झाला. परंतु धुराबरोबर शेतात उतरणारा गंधकही थांबला.

याचा प्रत्यय आयोवा या मक्याच्या मोठ्या प्रांतात आला. तेथे चाळीस वर्षांहून अधिक काळ केलेल्या प्रयोगांत गंधक घातल्याने पीक वाढल्याचे क्वचितच दिसले होते. २००५ च्या सुमारास ईशान्य आयोवात प्रथम लसूणघासाची पिवळी, खुरटी ठिगळे दिसू लागली. तेथे गंधक घालताच घास वाढला. पुढल्या काही वर्षांत मक्यावर प्रयोग झाले, आणि पुष्कळ शेतांत उत्पन्न वाढले. तेथील विद्यापीठाने भारी जमिनीस एकरी सुमारे ७ किलो व वाळूसर जमिनीस सुमारे ११ किलो गंधक पुरेसा ठरविला. पूर्वीचे प्रयोग खोटे नव्हते व नंतरचेही नव्हते. मधल्या काळात जमिनीचे येणे घटले आणि वाढत्या पिकांमुळे तिचे देणे वाढले होते.

आपल्या देशाची स्थिती मात्र हुबेहूब तीच समजू नये. आपल्याकडे कोळशाचा धूर तसा कमी झालेला नाही. तरीही देशातील पुष्कळ जमिनींत गंधकाची उणीव आढळली आहे. तिची कारणे येणेप्रमाणे : युरिया व डी. ए. पी. यांवरील भिस्त, संकरित बियाण्यांची भारी पिके, वर्षातून दोन-तीन पिके घेण्याची रीत, आणि शेणखताची टंचाई.

आता उपायाकडे वळू. गंधक देणारी खते दोन जातींची आहेत. पहिल्या जातीत गंधक सल्फेटच्या रूपात तयारच असतो, म्हणून तो मुळांस लवकर मिळतो. अमोनियम सल्फेट, सिंगल सुपर फॉस्फेट व जिप्सम ही या जातीची होत. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये शेकडा सुमारे ११ भाग, व शेतीच्या जिप्सममध्ये सर्वसाधारणतः १३ ते १८ भाग गंधक असतो. चोपण जमीन सुधारण्यास जिप्सम वापरतात, हे शेतकऱ्यांस ठाऊकच आहे. तेच येथे अन्न म्हणूनही उपयोगी पडते.

दुसऱ्या जातीत मूळ पिवळा गंधक असतो, उदाहरणार्थ बेंटोनाइट मातीत मिसळून त्याचे दाणे केलेले खत. यात शेकडा ९० पर्यंत गंधक असला तरी मुळांस तो लगेच घेता येत नाही. जमिनीतील विशिष्ट सूक्ष्मजंतू त्याचा प्राणवायूशी संयोग घडवून त्याचे गंधकाम्ल करतात, व त्यातून सल्फेट होते. असे एक जातीचे सूक्ष्मजंतू १९२२ साली सेल्मन वॅक्समन व जेकब जॉफी यांनी अमेरिकेतील न्यू जर्सी येथे वेगळे करून त्यांचे वर्णन केले. याच वॅक्समन यांस पुढे स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरील औषधाच्या शोधाबद्दल १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या क्रियेस काही आठवडे, प्रसंगी महिने लागतात. म्हणून असे खत पेरणीपूर्वी मातीत मिसळावे. उभे पीक पिवळे पडल्यावर ते घालणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. याखेरीज २०२३ साली भारत सरकारने गंधकाचे वेष्टन असलेला युरिया प्रचारात आणला. त्यात ३७ टक्के नत्र व १७ टक्के गंधक असतो.

प्रमाणाचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. आपल्या देशात उणीव असलेल्या जमिनीस हेक्टरी २० ते ४० किलो, म्हणजे एकरी ८ ते १६ किलो गंधक देण्याची सर्वसाधारण शिफारस आहे. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोंच्या एका गोणीतून सुमारे साडेपाच किलो, तर अमोनियम सल्फेटच्या तेवढ्याच वजनाच्या गोणीतून सुमारे साडेअकरा किलो गंधक मिळतो. म्हणजे स्फुरद डी. ए. पी. ऐवजी सुपर फॉस्फेटच्या दोन गोण्यांनी दिला, तर एकरी अकरा किलो गंधक त्यातच आला. मात्र डी. ए. पी. बरोबर येणारा नत्र अशा वेळी दुसऱ्या खताने भरून काढावा लागतो, हे विसरू नये.

परंतु अति तेथे माती, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. ज्या जमिनीत गंधक पुरेसा आहे तेथे तो घातल्याने मक्याचा एक दाणाही वाढत नाही. जादा सल्फेट पावसाबरोबर ओढ्यानाल्यांत जाते. मूळ गंधक वर्षानुवर्षे अमाप घातला तर चुनखडी नसलेली जमीन आंबट होते. आपल्याकडे मातीच्या परीक्षणात उपलब्ध गंधक दर दहा लाख भागांत १० भागांपेक्षा कमी निघाला, तर उणीव आहे असे सामान्यतः धरतात. खताचा खर्च करण्यापूर्वी ही परीक्षा करून घेणे केव्हाही स्वस्त पडते.

शेवटी आमच्या विद्यार्थ्यांस एक प्रयोग सुचवितो. दोन मीटर रुंद व पाच मीटर लांब असे चार वाफे एकाच जमिनीत आखावे, व चारही वाफ्यांत एकाच गोणीतील बियाणे सारख्या अंतरावर टोचावे. पहिल्यास काहीच देऊ नये. दुसऱ्यास युरिया २६० ग्रॅम तीन हप्त्यांत द्यावा. तिसऱ्यास पेरणीपूर्वी जिप्सम २०० ग्रॅम द्यावे. चौथ्यास दोन्ही द्यावी. पाणी, खुरपणी व राखण सर्वांस सारखी करावी. स्फुरद द्यावयाचा असल्यास चारही वाफ्यांस डी. ए. पी. तूनच समान द्यावा, सुपर फॉस्फेटमधून देऊ नये; का, ते या लेखावरून विद्यार्थ्यांनीच सांगावे. जागा असेल तर हीच मांडणी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा करावी, म्हणजे एखाद्या वाफ्याच्या जात्याच असलेल्या कसामुळे फसगत होणार नाही. दर आठवड्यास उंची मोजावी, कोणत्या पानाचा रंग बदलला ते वहीत टिपावे, व अखेर दाणे वाळवून तोलावे.

जमिनीत गंधकाची उणीव असेल, तर चौथा वाफा दुसऱ्याच्या पुढे गेलेला दिसेल, आणि तिसऱ्याने एकट्या जिप्समवर फारशी मजल मारली नाही असेही बहुधा आढळेल; कारण नत्रावाचून गंधकही पांगळाच आहे. आणि दुसरा व चौथा वाफा सारखेच उतरले, तर प्रयोग फसला असे मानू नये. आपल्या जमिनीस गंधकाची गरज नाही, असे त्या जमिनीनेच सांगितले, आणि वडिलांचा तेवढा खर्च वाचला. पालकांस आमची विनंती एवढीच की, चार वाफ्यांपुरती जागा मुलांस द्यावी, आणि पुढल्या हंगामात खताच्या दुकानी जाण्यापूर्वी मातीचा नमुना परीक्षणास पाठवून, मुलांची ती वहीही एकवार उघडून पाहावी.